साहेब, मेमो आणि आपण

गेल्या काही वर्षांत भेटीला येणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात एक विषय वारंवार येऊ लागला आहे. कुणी तलाठी झाला आहे, कुणी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक, कुणी अनुदानित शाळेत शिक्षिका, कुणी बँकेत. चार-सहा वर्षे अभ्यासिकेत काढून, मेसचा एक डबा दोघांत वाटून खाऊन त्यांनी ही नोकरी मिळवलेली असते. पेढे घेऊन येतात तेव्हाचे त्यांचे चेहरे मला आठवतात. वर्ष-दीड वर्षाने तेच चेहरे उतरलेले दिसतात. 'सर, काम जड नाही, साहेब जड आहे,' असे एकाने मला सांगितले. नोकरी कशी मिळवावी हे शिकवणारे वर्ग आज गल्लोगल्ली निघाले आहेत. मिळालेली नोकरी साहेबाच्या हाताखाली कशी करावी हे सांगणारे आपल्या पोरांच्या घरात मात्र कुणी नसते. ज्यांच्या तीन पिढ्या कचेरीत गेल्या त्यांच्या मुलांना हे ज्ञान जेवणाच्या पाटावर फुकट मिळते. मेमो आला तर आजोबा उत्तराचा मसुदा सांगतात, मामा वरच्या साहेबाला ओळखत असतात. आपल्या पोराला मेमो आला तर तो घडी करून खिशात ठेवतो आणि घरी सांगत नाही, कारण सांगून आई फक्त रडणार असते.

पुस्तकांच्या दुकानांत या विषयावरची चकचकीत पुस्तके मिळतात. शांत राहा, हसतमुख राहा, साहेबाच्या जागी स्वतःला कल्पून पाहा, असा त्यांतला उपदेश असतो. तो सगळाच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु या पुस्तकांतल्या कर्मचाऱ्याला जात नसते आणि साहेबालाही नसते. आपल्या कचेऱ्यांत दोघांनाही असते, आणि दोघेही ती जाणून असतात.

आपल्या समाजाचा कचेरीतला पहिला मोठा अनुभव सर्वांना ठाऊक आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग आपण अपमानाची कथा म्हणून सांगतो, आणि ती आहेच. परंतु नोकरी करणाऱ्याने तो आणखी एका अंगाने वाचावा असे मला वाटते. संस्थानचा सर्वांत वरचा धनी, म्हणजे सयाजीराव महाराज, बाबासाहेबांच्या बाजूचे होते. शिष्यवृत्ती त्यांनीच दिलेली. तरीही ही नोकरी टिकली नाही. महाराज आणि बाबासाहेब यांच्यामध्ये दिवाणापासून शिपायापर्यंत एक पूर्ण शिडी उभी होती आणि तिची एकही पायरी त्यांच्या बाजूची नव्हती. दिवाणांनी हात वर केले. पुढल्या वर्षी मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तिथे बरोबरीच्या काही प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हरकत घेतली. यातून एवढे कळते की, 'त्रास देणारा साहेब' ही वस्तू नेहमी एका खुर्चीत बसलेली नसते. तो शिपायाच्या हातातही असतो, शेजारच्या टेबलावरही असतो. वरचा साहेब भला आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आज कागद कुणी लांबून फेकत नाही. आज तो आपल्याकडे येतच नाही. प्रशिक्षणाला जाणाऱ्यांच्या यादीत नाव नसते, आणि यादी निघाल्याचे कळते ती मंडळी प्रशिक्षणाहून परत आल्यावर. महाविद्यालयात पाहा: शिष्यवृत्तीचे अर्ज, 'कमवा आणि शिका' योजना, एप्रिलमधली जयंती, ही कामे आपल्या प्राध्यापकाकडे हमखास येतात; परीक्षा विभाग आणि खरेदी समिती येत नाही. यात शिवी नाही, स्पर्शाचा प्रश्न नाही, पुरावाही नाही. दहा वर्षांनी मात्र बढतीच्या वेळी विचारले जाते, 'प्रशासनाचा अनुभव काय?'

म्हणून पहिला प्रश्न असा की, साहेबाचा त्रास जातीचा आहे की स्वभावाचा, हे ओळखायचे कसे? या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. माझ्या विभागप्रमुखांचा आवाज मोठा, भाषा तुसडी. वर्गातून मिनिटभर आधी बाहेर आलो तरी बोलत. मी ते जातीच्या खात्यावर मांडले आणि दोन वर्षे मनात विष साठवले. पुढे कळले की त्यांनी त्यांच्याच जातीच्या एका बाईंना भर बैठकीत रडवले होते. ते सगळ्यांनाच सारखे छळत. त्या छळात माझ्या वाट्याला जास्त काही आलेले नव्हते. उलट जे गृहस्थ भेटले की खांद्यावर हात ठेवत, 'तुम्ही आमचेच आहात' म्हणत, 'तुमच्याकडे पाहून कोट्यातले वाटत नाही हो' असे कौतुक करत, त्यांनीच वेळापत्रकात माझे तास अशा तऱ्हेने विखुरले होते की पीएच.डी.च्या कामाला सलग एक दुपार मिळू नये. कडू जीभ ही जातीयतेची खूण नव्हे आणि गोड जीभ हा तिच्या अभावाचा पुरावा नव्हे. खूण सापडते ती तुलनेत. तीच उशिराची वेळ, तीच रजा, तीच चूक दुसऱ्या कुणाची झाली तेव्हा काय घडले? त्यालाही मेमो मिळाला की चहा मिळाला? ही तुलना मनात करून चालत नाही, मन आपल्याला पाहिजे तेच आठवते. एक साधी वही करावी. तारीख, वेळ, काय घडले, कोण हजर होते, आणि तसाच प्रसंग दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडला तेव्हा काय झाले. तीन-चार महिन्यांत वहीच सांगते. कधी ती सांगते की साहेब फक्त तिरसट आहे. तेही कळलेले बरे. निष्कारण जळणे वाचते.

आता थोडे घरचे. माझे वडील एकोणीस वर्षे सालगडी होते. साल ठरायचे ते पाडव्याला, तोंडी. उचल घेतली की मालक वहीत मांडणार. मधे आजारपण निघाले, लग्न निघाले, पुन्हा उचल, पुन्हा वही. वर्षाच्या शेवटी मालक वही उघडून सांगायचा, इतकी बाकी राहिली. वडिलांना वाचता येत नव्हते. ते अंगठा द्यायचे आणि पुढच्या सालाला त्याच गोठ्यात उभे राहायचे. मालक ओरडला तर करण्यासारख्या गोष्टी दोनच होत्या: 'व्हय मालक' म्हणून मान खाली घालणे, नाहीतर एके रात्री बायको-पोरांना घेऊन कारखान्याच्या टोळीत निघून जाणे. वडिलांनी दोन्ही केले. वही मात्र शेवटपर्यंत मालकाकडेच राहिली.

कचेरीतला आपला माणूस या दोनच वाटा घरून शिकून आलेला असतो. एक तर तो साहेबापुढे इतका वाकतो की साहेबालाच त्याची सवय होते, किंवा भडकतो, टेबलावर हात आपटतो, राजीनामा फेकण्याची भाषा करतो. आपल्या चळवळीने आपल्याला बोलायला शिकवले हे तिचे मोठे उपकार आहेत. सभेत, मोर्चात, न्यायाच्या मागणीत तो आवाज लागतोच. परंतु कचेरी तोंडी बोलण्यावर चालत नाही. तिथे जे कागदावर नाही ते घडलेलेच नसते, आणि जे कागदावर आहे ते घडले नसले तरी घडलेले असते.

हे मी कसे शिकलो ते सांगतो. एका महाविद्यालयात परिवीक्षेवर होतो. एके दिवशी मेमो आला: अमुक तारखेच्या सभेला पूर्वपरवानगीशिवाय अनुपस्थित राहिलात, खुलासा करा. सभेची सूचना मला मिळालीच नव्हती. सूचना वही शिपायाने माझ्याकडे आणलीच नव्हती. मी खरा होतो, आणि खरे असण्याचा कैफ मोठा वाईट. तसाच प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि मोठ्याने बोललो. दार उघडे होते. दोन लिपिक आणि एक शिपाई ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुसरा मेमो आला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. पहिला मेमो खोटा होता, त्याला मी उत्तर दिले नाही. दुसरा खरा निघाला, आणि त्याला तीन साक्षीदार मीच पुरवले होते. तेव्हा कार्यालयातला एक मायाळू माणूस म्हणाला, 'सर, दोन ओळी लिहून द्या, मिटून जाईल.' मी लिहून दिले: माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे होणार नाही. काय चूक, कोणती चूक, काही नाही. आठ महिन्यांनी मला स्थायी करण्याचा विषय निघाला तेव्हा त्या दोन ओळी फाईलमधून बाहेर आल्या आणि दोन्ही मेमोंची कबुली म्हणून वाचल्या गेल्या. विषय एक वर्ष पुढे गेला. माझ्यानंतर लागलेला सहकारी माझ्या आधी कायम झाला.

आमच्या वसाहतीत पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मी सगळी हकिकत मोठ्या आवेशाने सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, 'सूचना वही पाहिलीस का?' पाहिली नव्हती. त्या वहीत त्या तारखेच्या पानावर माझ्या नावापुढची जागा कोरी होती. माझा सगळा पुरावा त्याच कार्यालयाच्या कपाटात पडून होता आणि मी केबिनमध्ये घसा कोरडा करत होतो. हल्ली मला वाटते, वडिलांना वही वाचता येत नव्हती. मला येत होती आणि मी वाचली नाही. दोहोंत अधिक लाजिरवाणे काय, हे वाचकांनी ठरवावे.

दादांकडून जे शिकलो ते इथे मांडतो. मेमो म्हणजे शिक्षा नव्हे. तो प्रश्न आहे. प्रश्नाला उत्तर दिले नाही तर तो आरोप मान्य केल्यासारखा धरला जातो. म्हणून मुदतीत उत्तर द्यायचेच, मुदत पुरत नसेल तर लेखी वाढवून मागायची, आणि ज्या कागदाच्या आधारे मेमो निघाला त्याची प्रत मागायची. उत्तर एका पानाचे असावे. विचारले तेवढ्याचेच. त्यात आपला संताप, आपली गरिबी, आपले आंदोलन काहीही नको. 'दिनांक अमुकच्या सभेची सूचना मला मिळाली नाही. सूचना वहीत माझी स्वाक्षरी नाही. कृपया वही पाहावी.' एवढ्यावर माझे प्रकरण संपले असते. उत्तराच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर भांडू नये, टपाल कचेरीत जाऊन स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती त्या प्रतीला टाचावी. या प्रती घरी ठेवाव्यात. कचेरीच्या खणात ठेवलेले कागद बदलीच्या दिवशी सापडत नाहीत.

शासकीय सेवकाला कायद्याने जे कवच दिले आहे ते पुष्कळांना माहीतच नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे केंद्र वा राज्याच्या नागरी सेवेतील माणसाला, काही मोजके अपवाद सोडता, आरोप कळवून, चौकशी करून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत 'ठपका' ही किरकोळ का होईना, पण शिक्षा आहे. ती देण्यापूर्वीही म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते आणि तिच्यावर अपील करता येते. 'साहेब आत्ता घरी बसवतील' ही धमकी म्हणूनच बहुतेक वेळा पोकळ असते. निलंबन होऊ शकते, परंतु निलंबन ही शिक्षा नव्हे आणि शेवटही नव्हे. सेवाविषयक तक्रारीसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. मुंबई, नागपूर आणि पूर्वीचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथे ते बसते. अनुदानित महाविद्यालयातल्या आम्हा लोकांना मात्र ३११ चे छत्र नाही. आमच्यासाठी विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण.

तोंडी आदेश हा आणखी एक सापळा. 'तू कर, मी आहे ना,' असे साहेब म्हणतो आणि चौकशी लागली की तो नसतो. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट आहे की वरिष्ठाने आदेश सामान्यतः लेखी द्यावा, तोंडी दिला तर लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागावी. म्हणजे लेखी आदेश मागणे हा उर्मटपणा नसून कनिष्ठाचे कर्तव्य आहे.

आणि गोपनीय अहवाल! मालकाची वही ती हीच. वर्षभर साहेब काय बोलला यापेक्षा मार्चनंतर त्याने काय लिहिले याने माणसाचे आयुष्य ठरते. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरेच कळवायची पद्धत होती, त्यामुळे हुशार साहेब प्रतिकूल लिहीतच नसत. 'चांगला' असे लिहायचे. बढतीसाठी 'अति चांगला' लागत असेल तर 'चांगला' हाच फास होतो, आणि तो गळ्यात पडल्याचे माणसाला कळतही नाही. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या एका कार्यकारी अभियंत्याचे असेच झाले. १९९३-९४ सालच्या एका 'चांगला' या शेऱ्याने त्याची बढती हुकली. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे. २०१३ साली सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारने १४ मे २००९ च्या आदेशाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचे ठरवले. त्यावर निवेदन करायला पंधरा दिवस मिळतात. तरीही आपल्यातले किती जण आपला अहवाल दरवर्षी मागून घेऊन वाचतात? मी ओळखीच्यांना विचारतो तेव्हा बहुतेक जण हसतात. 'साहेबाला राग येईल,' म्हणतात. न मागता मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांत मागता येतो, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

आता त्या कायद्याविषयी, ज्याचे नाव अशा प्रसंगी आपल्या तोंडी सर्वांत आधी येते. कार्यकर्ते मित्र रागावतील, तरी लिहितो. साहेबाने त्रास दिला की 'ॲट्रॉसिटी टाका' असा सल्ला कचेरीच्या चहाच्या टपरीवर सहज मिळतो. १९८९ चा हा कायदा आपल्या माणसांच्या रक्ताने लिहिला गेला आहे. त्याच्यावर आलेले मोठे संकट मात्र कचेरीतल्या गोपनीय अहवालावरून आले, हे किती जणांच्या लक्षात आहे? कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या अनुसूचित जातीच्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात दोन वरिष्ठांनी त्याच्या सचोटीविषयी आणि चारित्र्याविषयी प्रतिकूल शेरा मारला. त्याने २००६ साली पोलिसांत तक्रार केली. त्या दोघांवर खटला भरायला वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी नाकारली, तेव्हा त्या अधिकाऱ्यावरही तक्रार झाली. हे प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० मार्च २०१८ रोजी तिथे केवळ त्या अधिकाऱ्यावरची कारवाई रद्द झाली नाही, तर साऱ्या देशासाठी अटकेपूर्वी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी यांच्या अटी घालून दिल्या गेल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे मेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी निष्प्रभ केल्या, १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला कलम १८-अ वैध ठरवले.

त्या भांडारपालाचे चुकले असे मी म्हणत नाही. त्याच्या मनाला काय झोंबले असेल ते मी समजू शकतो. सचोटीवरचा शेरा हा माणसाच्या इभ्रतीवरचा डाग असतो. परंतु आपण शिकलेल्यांनी या कायद्याची रचना समजून घ्यायला हवी. अपमानाच्या कलमात, म्हणजे ३(१)(आर) मध्ये, अपमान जाणूनबुजून, मानहानी करण्याच्या हेतूने आणि लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये साहेबाने जातीवरून शिवी दिली आणि तिथे तिसरा कुणी नव्हता, तर इथेच प्रकरण अडते. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: महसूल निरीक्षकाला त्याच्या कचेरीच्या चार भिंतींत शिवीगाळ झाल्याचा आरोप होता, सहकारी नंतर आत आले, म्हणून जागा लोकांच्या दृष्टीस पडणारी ठरली नाही. मला हा अर्थ अन्यायाचा वाटतो. कचेरीतला अपमान बहुधा दार लावूनच होतो, हे न्यायाधीशांना ठाऊक नसेल असे नाही. परंतु आज अर्थ हा आहे, आणि तो माहीत नसताना केलेली तक्रार आपल्यालाच तोंडघशी पाडते. बैठकीत, व्हरांड्यात, लोकांसमोर जातीवरून बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. अहवालातला शेरा, बदली, रजा नाकारणे, यांसाठी आधी सेवानियमांचा रस्ता, आणि जोडीला राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. अनुच्छेद ३३८ ने त्याला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार दिले आहेत.

आपल्या भगिनींचा प्रश्न दुहेरी आहे. त्यांना त्रास देणारा साहेब जात आणि बाईपण दोन्हींचा फायदा घेतो, आणि घरी सांगितले तर घरचेच नोकरी सोडायला लावतात. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी; तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिने आहे, आणि वही ठेवण्याचे महत्त्व इथे सर्वांत जास्त.

एकट्याने कागद लिहायचा, पण एकटे राहायचे नाही. १९६० च्या दशकात पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्या रद्द केल्या गेल्या. दीनाभाना नावाच्या राजस्थानातून आलेल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि त्याला निलंबित केले गेले. तो वाल्मिकी समाजाचा होता. तिथेच नोकरीला असलेल्या कांशीराम यांनी त्याची बाजू उचलून धरली, डी. के. खापर्डे सोबत होते. लढा कोर्टात गेला, दीनाभाना कामावर परतला, सुट्याही परतल्या. ६ डिसेंबर १९७८ ला स्थापन झालेल्या बामसेफची बीजे त्या प्रकरणात आहेत. यातले मला महत्त्वाचे वाटते ते हे की, वरच्या श्रेणीतला शिकलेला माणूस खालच्या श्रेणीतल्या माणसाच्या निलंबनासाठी पुढे झाला. आज आपल्या कर्मचारी संघटनांच्या दिनदर्शिका देखण्या असतात, पदाधिकाऱ्यांचे फोटोही असतात. एखाद्या सफाई कामगाराच्या मेमोचे उत्तर लिहून द्यायला संध्याकाळी कोण सापडते, हे मी विचारत नाही.

आणि आपला स्वतःचा साहेब? हा विषय आपण टाळतो. आपल्यातला माणूस खुर्चीत बसला की काही वेळा तो आपल्याच माणसावर अधिक कडक होतो. पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून त्याच्या अहवालात एक पायरी कमीच लिहितो. काही वेळा उलट होते: काम न करणारा आपला कर्मचारी 'जयभीम' म्हणून सवलत मागतो, न मिळाल्यास साहेब मनुवादी झाला म्हणून गावभर करतो. आपल्यातही कामचुकार आहेत हे कबूल केल्याने बाबासाहेबांच्या विचाराला उणेपणा येत नाही. दादांचा पहिला नियम मी शेवटी सांगतो आहे: आधी आपली हजेरी आणि आपले टेबल स्वच्छ हवे. दुसऱ्याला क्षमा होते त्या चुकीला आपल्याला क्षमा होत नाही. हा अन्याय आहे, पण तो गृहीत धरूनच चालावे लागते.

कंत्राटी पोरांना मात्र या सगळ्याचा फारसा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला, ठेकेदारामार्फत लागलेल्या डाटा ऑपरेटरला मेमो देण्याची गरजच पडत नाही. पुढच्या जूनमध्ये बोलावले नाही की झाले. त्यांचे साल पुन्हा पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचे झाले आहे. नेमणुकीचा कागद, हजेरीची नोंद, बँकेतून आलेला पगार, एवढे तरी त्यांनी जपावे. त्यापुढचा प्रश्न संघटनेचा आणि शासनाच्या धोरणाचा आहे, तो एका लेखात मावणारा नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. साहेबाने एका नोंदवहीत मागची तारीख टाकायला तोंडी सांगितले होते. आम्ही फोनवरच चार ओळी केल्या: 'आपण आज दिलेल्या तोंडी सूचनेबाबत लेखी आदेश मिळावा, ही विनंती.' साहेब चिडला, 'तू मला कायदा शिकवतेस का?' म्हणाला. लेखी आदेश आला नाही, मागची तारीखही पडली नाही. पंधरा दिवसांनी तिचे टेबल बदलून तिला आवक-जावक दिले. कचेरीत ते कमी प्रतीचे काम समजतात. 'सर, वाईट वाटलं, पण आता पोचेचा शिक्का माझ्याकडेच आहे,' असे म्हणून ती हसली. तिचा या वर्षीचा अहवाल मार्चनंतर लिहिला जाईल. तो मागण्याचा अर्ज आम्ही आताच लिहून ठेवला आहे, फक्त तारीख टाकायची आहे.